गूळ मोबाईलवर विकायचाय? आधी वही काढा!

पन्हाळा तालुक्यातील एका गुऱ्हाळावर परवा सकाळी जाण्याचा योग आला. काहिलीत रस रटरटत होता, जाळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता आणि गुळव्या मळी काढण्यात गुंतला होता. हे चित्र आपल्या जिल्ह्याला नवे नाही. नवे होते ते एवढेच, की काहिलीच्या कडेला गुऱ्हाळमालकाचा पंचविशीतला मुलगा हातात मोबाईल उंच धरून उभा होता. गुळव्याने त्याला दोनदा दटावले, "सरक की जरा, वाफ लागंल." पण पोरगा काही हलायला तयार नव्हता.

"साहेब, ह्यो व्हिडिओ रात्री टाकला की सकाळपतोर ऑर्डरी येत्यात," तो आम्हाला कौतुकाने सांगू लागला.

पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्याची आई खोक्यांना चिकटपट्टी लावत बसली होती. तिने मान वर न करताच म्हटले, "ऑर्डरी कशा येत्यात ते सांगितलंस. गेल्या साली पैसं कसं गेलं, ते बी सांग की साहेबास्नी."

पोरगा ओशाळला. पण मग त्याने सारे मोकळेपणाने सांगितले. नाव छापू नका, एवढीच त्याची अट. त्याची ही हकिकत गावोगावच्या होतकरू पोरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

चार आधणांची गोष्ट

गेल्या हंगामात या पोराने वडिलांच्या मागे लागून चार आधणांचा गूळ आडतीला न घालता घरी ठेवून घेतला. त्या गुळाच्या पैशांतून सोसायटीचा हप्ता भरायचा होता. "आबा, आडत्यापेक्षा दुप्पट पैसं करून दावतो," असा शब्द त्याने दिला होता. मोबाईलवर दुकान उघडले. एका बाजारपेठेच्या ॲपवरही माल मांडला. 'डिलिव्हरी फुकट, पैसे माल हातात पडल्यावर' अशी जाहिरात केली. ऑर्डरी धडाधड आल्या. दोन महिन्यांत ८४ पार्सले गेली. त्यातली १९ परत आली. कोणी फोनच उचलला नाही, कोणी 'मी मागवलाच नव्हता' म्हणाले, तर कोणाच्या खोक्यातला गूळ पाझरून कागदाला चिकटला होता.

घरात दुधाचा हिशोब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडायची पद्धत. आईने पार्सलांचाही हिशोब तिथेच मांडला. महिनाअखेर तिने बेरीज करून दाखवली, तेव्हा पोराचा चेहरा पडला. आडतीला घातला असता तर जेवढे आले असते तेवढेही हातात आले नव्हते. हप्ता थकला. शेवटी म्हैस विकून तो भरावा लागला.

"म्हशीचं दुख लई झालं साहेब," ती माउली म्हणाली. "पर पोराला मी बोलले न्हाई. म्हटलं, मशीन खोटं न्हाई आणि गूळ बी खोटा न्हाई. हिशोब चुकलाय तो बघूया."

या एका वाक्यात आजच्या लेखाचे सार आले. मोबाईलवर धंदा कसा करावा, हे शिकवणारे पुष्कळ आहेत. घरबसल्या लाख कमवा म्हणून हजारो रुपयांचे क्लास विकणारेही गल्लोगल्ली आहेत. पण पहिल्या पार्सलाआधी वहीत काय मांडावे, हे सांगणारा विरळा.

वहीचे पहिले पान

आपण एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालून बघावेत.

समजा, २ किलो गुळाचे खोके ३०० रुपयांना विकले आणि पाठवणी आपल्याच खर्चाने केली. त्या गुळाला आडतीला किलोमागे ४८ रुपये मिळाले असते, म्हणजे मालाची किंमत ९६ रुपये. खोके, आतला कागद, पिशवी, चिकटपट्टी, लेबल मिळून ३२ रुपये. पार्सलचे भाडे ११० रुपये. ॲपवाल्याची दलाली दहा टक्के धरली तर ३० रुपये. एकूण खर्च २६८ रुपये. उरले ३२ रुपये. दहा खोक्यांना ३२० रुपये. बरे वाटते.

आता दहांतले एकच खोके परत आले असे धरा. जायचे भाडे ११०, यायचे भाडे ११० आणि वाया गेलेल्या खोक्याचे ३२, म्हणजे २५२ रुपयांचा खड्डा. गूळ धड परत आला असे मानले तरीही! उरलेल्या नऊ खोक्यांचे मिळाले २८८ रुपये. हातात राहिले अवघे ३६.

आणि दोन परत आली तर? आठ खोक्यांचे मिळाले २५६, दोघांनी नेले ५०४. म्हणजे दहा पार्सले पाठवून २४८ रुपये पदरचे गेले. यात आईची मजुरी नाही, मोबाईलचा रिचार्ज नाही, जाहिरातीचा खर्च नाही. कर लागू असेल तर तोही नाही.

आमच्या या पोराची ८४ पैकी १९ पार्सले परत आली होती, म्हणजे दहांत दोनाहून जास्त. मग म्हैस गेली यात नवल काय!

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर पाच रकाने पाडा: माल (आडतीच्या दराने), पॅकिंग, भाडे, दलाली आणि परतीचा भुर्दंड. मालाची किंमत आडतीच्या दरानेच धरावी. 'गूळ घरचाच आहे' म्हणून ती शून्य धरणे ही सर्वात मोठी फसगत. घरचा गूळ बाजारात पैसे आणतो, तसेच घरच्या माणसाच्या कष्टालाही मोल आहे.

आपल्याच जिल्ह्याचा जुना धडा

यंत्र आले की धंदा आपोआप चालतो, हा समज आपल्या भागाला नवा नाही. देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, वारणानगर परिसरात केंद्र सरकारच्या पुढाकाराने एक मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. बाजारभावापासून शेतीसल्ल्यापर्यंत सारे काही त्या पडद्यावर मिळणार, असे त्या वेळी सांगितले जाई.

पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर शेतकरी त्या केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने आपल्या उसाच्या नोंदी, वजने आणि खतांची माहिती यांसाठी करत होते. ज्या माहितीची त्यांना रोज गरज होती, तेवढीच ते मागत. एवढ्याशा कामाला संगणक सांभाळणे महाग पडत होते. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्याला माहिती घरबसल्या, हवी तेव्हा मिळू लागली.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. आधी आपली गरज ओळखा आणि तिला पुरेल असे सर्वात स्वस्त, सोपे साधन घ्या. नव्या उद्योजकाने पहिल्याच दिवशी पन्नास हजारांचे संकेतस्थळ बनवून घेण्याचे कारण नाही. खिशातला मोबाईल आणि एक वही यावर पहिले वर्ष निभते.

सुरुवात कशाने करावी?

पहिले साधन म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस. हे वेगळे ॲप २०१८ पासून आपल्याकडे मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत. यात दुकानाचे नाव, पत्ता, वेळ टाकता येते. मालाची यादी फोटो व दरांसह लावता येते. ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे साठवून ठेवता येतात, म्हणजे 'भाव काय?' विचारणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा टंकत बसावे लागत नाही. गिऱ्हाइकांना खुणेच्या पट्ट्या लावता येतात: 'पैसे आले', 'माल गेला', 'पुन्हा विचारायचे' अशा. धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे. घरचा नंबर जगाला वाटला की रात्री बारालाही फोन वाजतो.

दुसरे, गूगलच्या नकाशावर आपल्या गुऱ्हाळाची नोंद करावी. तीही मोफत आहे. कोकणात किंवा जोतिबाला निघालेला प्रवासी वाटेत 'गूळ' शोधतो, तेव्हा त्याला तुमचे नाव दिसले पाहिजे. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ना खोके लागते, ना भाडे. वहीतले दोन मोठे रकाने जागीच कोरे राहतात.

तिसरे, फोटो. फ्लॅश मारू नका. सकाळी आठ-नऊच्या उजेडात, दाराशी पांढरा धुतलेला कपडा अंथरून फोटो काढा. एक अख्ख्या ढेपेचा, एक फोडलेल्या खड्याचा (आतला कण दिसला पाहिजे) आणि एक वजनकाट्यावरचा. रंग उजळ दिसावा म्हणून मोबाईलमधली करामत करू नका. रसायनाशिवाय केलेला गूळ काळपट तांबूस असतो. फोटोत पिवळाधमक दाखवलात आणि खोक्यातून तांबडा निघाला, तर पार्सल परत येणारच. उलट 'रंग गडद आहे, तो असाच असतो' हे आधीच लिहा.

पावसाळा आणि पॅकिंग

गूळ हवेतला ओलावा ओढतो हे गुळव्याला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते. पावसाळ्यात ढेपेला पाणी सुटते. म्हणून आत ओलावा न शिरणारी जाड पिशवी, ती नीट बंद केलेली, आणि बाहेर पन्हाळीच्या पुठ्ठ्याचे खोके. खोक्यात माल हलता कामा नये. रिकामी जागा रद्दीच्या बोळ्यांनी भरावी. गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी एक खोके स्वतःच्याच मुंबईच्या पाहुण्याला पाठवून बघावे आणि उघडतानाचा फोटो मागवावा. आमच्या पोराने हे केले असते, तर पाझरलेली खोकी परत आली नसती.

या वर्षी त्याने आणखी एक केले. जून ते सप्टेंबर ढेपा पाठवणे बंद ठेवले आणि नीट वाळवलेली गूळ पावडर तेवढी ठेवली. "चार म्हयनं गिऱ्हाइक थांबतंय साहेब. एकदा खराब माल गेला की मग जन्मात येत न्हाई," तो म्हणाला.

पाठवणीसाठी खासगी कुरिअर आहेत, तसे आपले पोस्टही आहे. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यातली बहुसंख्य खेड्यांत आहेत. जिथे कुरिअरवाला 'इकडे सेवा नाही' म्हणतो, तिथेही पोस्टमन जातो. पत्त्यात पिनकोड बिनचूक असावा. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणचे, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्या त्या सहा आकड्यांवर आज सारा ऑनलाइन व्यापार उभा आहे. एक आकडा चुकला की खोके भलत्याच जिल्ह्याचा फेरफटका मारून येते.

परतीचे पार्सल कसे थांबवावे?

खड्डा परतीच्या पार्सलाने पडतो हे आपण पाहिले. तो बुजवायला या घराने तीन गोष्टी केल्या.

एक, पैसे आधी. ज्याला 'माल आल्यावरच पैसे' हवे असतील त्याला आधी फोन. फोनवर आई बोलते. "ताई, गूळ कशासाठी पायजे? चहाला का पोळीला?" एवढा प्रश्न विचारला की खरे गिऱ्हाइक बोलू लागते आणि गंमत म्हणून बटण दाबलेले गिऱ्हाइक तिथेच गळते.

दोन, भाडे वेगळे दाखवले. 'डिलिव्हरी फुकट' ही पाटी काढली. जगात फुकट काही नसते, कोणाच्या तरी खिशातून जातेच.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचे, एकगठ्ठा माल. पुण्यातल्या एका सोसायटीत गावची एक लेक राहते. तिने आपल्या इमारतीतल्या बायकांकडून मागणी गोळा केली. पाच-पाच किलोची वीस खोकी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेली आणि सकाळी तिने वाटली. पुन्हा समजुतीचे आकडे घेऊ: ५ किलोचा गूळ २४० रुपये, खोके ५०, भाडे वाटून येते ४०, एकूण ३३०. विक्री ४८० ला. एका खोक्यामागे १५० उरले. त्या लेकीला दर खोक्यामागे तीस रुपये दिले, तरी १२० राहतात. गिऱ्हाइकाला तो किलोमागे ९६ रुपयांनी पडला. पहिल्या हिशोबात त्याच गिऱ्हाइकाला किलोला १५० मोजावे लागत होते आणि तरी आपल्याला काही उरत नव्हते. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, गोव्यात आपली माणसे कुठे नाहीत? प्रत्येक गावाकडे अशा लेकी-जावयांची यादी आहे. ती यादी कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची.

कागदपत्रांचे भय नको, पण हयगयही नको

खाण्याचा पदार्थ विकणाऱ्याला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. लहान उत्पादकाला साधी नोंदणी, मोठ्याला परवाना. मिळणारा १४ आकडी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. त्याशिवाय मोठी ॲपवाली मंडळी खाद्यपदार्थ दुकानात घेतही नाहीत.

लेबलवर आणखी काय हवे? वजनमापांच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे पदार्थाचे नाव, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्र असल्याशिवाय छापू नये. 'औषधी', 'मधुमेहींना चालेल' असले दावे तर मुळीच करू नयेत. गूळ हा गोडच असतो. एखाद्या रुग्णाने आपल्या लेबलावर विश्वास ठेवला, तर ते पाप आपल्या माथी.

उद्योगाची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असते. दिसायला तशीच असणारी खासगी संकेतस्थळे हजार-दोन हजार उकळतात, तिकडे फिरकू नका.

आता वस्तू व सेवा कर. यात गोंधळ फार, म्हणून नीट वाचावे. आपल्या राज्यात केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. मात्र करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. बेळगाव आपल्याला घरचे वाटते, पण करखात्याच्या लेखी ते दुसरे राज्य आहे! ॲपवरून विकणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली. माल राज्यातच विकत असेल, तर कराच्या संकेतस्थळावर नावनोंदणीचा क्रमांक घेऊन त्याला जीएसटी नोंदणीशिवाय विकता येते. सुटा गूळ करमुक्त आहे, पण १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के कर लागला. नोंदणी असलेल्याने ३०० रुपयांत कर धरून विकले, तर त्यातले सुमारे १४ रुपये कराचे. वहीत उरलेले ३२ मग १८ वर येतात. म्हणून दर ठरवण्याआधी गावातल्या कर सल्लागाराकडे एक चक्कर मारावी. शंभर-दोनशे रुपयांची फी नंतरच्या नोटिशीपेक्षा स्वस्त.

आणखी एक. 'कोल्हापुरी गूळ' या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसऱ्या मुलखातला गूळ आपल्या नावाने विकला जातो, ही आपली जुनी तक्रार. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली, तर ते चिन्ह आपल्या खोक्यावर लावता येते. सांगलीच्या हळदीला, आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही असेच मानांकन आहे. त्या भागातल्या पोरांनीही हे ध्यानात घ्यावे.

फसवणारे टपलेलेच आहेत

यूपीआय २०१६ मध्ये आले आणि चहाच्या टपरीवरही चौकोनी चित्र लागले. सोय झाली, तशी चोरांचीही झाली. गूळवाल्यांना येणारा एक फोन आता ओळखीचा झाला आहे. "मी लष्करातून बोलतोय, कॅन्टीनसाठी दोनशे किलो पाहिजे. आगाऊ रक्कम पाठवतो, हे चित्र स्कॅन करा आणि पिन टाका." लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो फक्त पैसे द्यायला. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

दुसरा प्रकार, पैसे पाठवल्याचे खोटे चित्र. ते मोबाईलवर दोन मिनिटांत बनते. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय खोके बाहेर काढू नये. तिसरा, व्हॉट्सॲपवर येणारी 'लग्नपत्रिका' किंवा 'ऑर्डरची यादी' नावाची फाईल. ती उघडून ॲप बसवा असे मोबाईल म्हणू लागला, तर तिथेच थांबा. एवढे करूनही फसलात, तर लाज बाळगून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची आशा जास्त.

गिऱ्हाईक कोणाचे?

शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाला हक्काची बाजारपेठ दिली. दिवाळीच्या पाडव्याला तिथे मुहूर्ताचे सौदे निघतात. त्या बाजाराने जिल्हा उभा केला. पण आपला गूळ पुढे कोणाच्या घरात गेला, हे गुऱ्हाळमालकाला कधी कळले नाही. गिऱ्हाईक व्यापाऱ्याचे राहिले.

मोबाईलवरच्या मोठ्या बाजारपेठाही तशाच आहेत. तिथे विका, पण ते दुकान भाड्याचे आहे हे विसरू नका. उद्या दलाली वाढली किंवा खाते बंद झाले, तर काय राहील? म्हणून प्रत्येक खोक्यात आपल्या नंबराची चिठ्ठी ठेवा. ज्याने थेट आपल्याकडून घेतले, त्याचे नाव, गाव, पिनकोड, काय नेले आणि केव्हा नेले, हे वहीत लिहा. दोन महिन्यांनी त्याला एक संदेश, 'नवा गूळ निघालाय, ठेवू का?' तेही त्याची हरकत नसेल तरच. रोज सुप्रभात पाठवून पिडू नका. त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका.

धंदा वर्षभर टिकला, तर मग आपल्या नावाचा संकेतस्थळाचा पत्ता घ्या. २०१४ पासून तो देवनागरीत, शेवटी 'डॉट भारत' लावूनही मिळतो. पत्ता आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर नोंदवा. बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर राहिला, तर उद्या तोच मालक.

आमचा हा पोरगा यंदा गेल्या सालापेक्षा कमी खोकी पाठवतो. निम्म्याहून अधिक गूळ त्याने आडतीलाच घातला. "आडत सोडायची न्हाई," वडील ठामपणे म्हणाले. "अडीनडीला तोच पैसा देतोय. मोबाईलचा पैसा वरकड." हप्ता या वेळी वेळेवर भरला गेला आहे. म्हशीचे काय, असे आम्ही निघताना विचारले. माउली दिनदर्शिकेकडे बोट दाखवून म्हणाली, "पाडव्यापतोर हिशोब असाच राहिला, तर बघू."

भिंतीवरच्या त्या पानावर एका कोपऱ्यात दुधाचे रकाने अजून कोरे होते. शेजारी गुळाच्या खोक्यांचे आकडे होते. परत आलेल्या खोक्यांसाठी ठेवलेल्या तांबड्या पेनाची त्या महिन्यात फक्त एकच खूण होती.